सुंगटांचा रंग आणि दोन हजारांची कॅप्सूल

प्रश्न : डॉक्टरबाई, वय ५४. रोज पहाटे डिचोली ते साखळी आणि परत सायकल मारतो. पोट मात्र तसंच. जिममधल्या पोरानं व्हिटॅमिन सी १००० मिलिग्रॅम आणि ई ४०० युनिट रोज घ्यायला लावलंय. आता म्हणतो, अ‍ॅस्टाझँथिनची कॅप्सूल जोडा, स्नायू जास्त चरबी जाळतील. महिन्याला दोन हजार पडतील. घेऊ का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : त्या दोन हजारांची सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणा. कच्चं सुंगट करडं-निळसर असतं आणि हुमणाला (कालवणाला) उकळी फुटली की केशरी होतं, हे तुम्ही पाहिलंच असेल. कवचातलं एक प्रथिन तो रंग दाबून धरतं. आच लागली की त्याची पकड सुटते. तो रंग म्हणजेच अ‍ॅस्टाझँथिन. आपण तो सालींबरोबर मांजराला घालतो, त्यामुळे सुंगटं खाऊन पोट उतरेल असं मी म्हणत नाही. निदान जेवण तरी होईल.

पोरगा अगदीच थापा मारत नाहीये. चरबी जळते ती मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्ट्यांत, आणि तिला आत घेणारं एक प्रथिन दारावर असतं. जोराच्या व्यायामात तयार होणारे ऑक्सिडंट त्या दाराला गंज चढवतात. २००८ साली जपानी संशोधकांनी उंदरांना अ‍ॅस्टाझँथिन दिलं, तर हा गंज कमी झाला आणि उंदरांनी पळताना चरबी जास्त वापरली. पण ते उंदीर. पुढे नेदरलँड्समध्ये सराव असलेल्या सायकलपटूंना रोज २० मिलिग्रॅमप्रमाणे चार आठवडे दिलं, तेव्हा ना चरबी जास्त जळली, ना वेळ सुधारली.

मला खरी काळजी तुमच्या सी आणि ई ची आहे. तेच ऑक्सिडंट स्नायूला निरोपही देतात : काम वाढलंय, मायटोकाँड्रिया वाढवा. सी आणि ई ऑक्सिडंट दाबतात, तेव्हा हा निरोपही दबू शकतो. २००९ मध्ये जर्मनीत चाळीसेक तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करून घेतला. अर्ध्यांना नेमक्या तुमच्याच मात्रेत सी आणि ई दिलं होतं. इन्सुलिनला शरीर जास्त दाद देऊ लागलं ते फक्त गोळ्या न घेणाऱ्यांचं. पुढे नॉर्वेत ११ आठवड्यांच्या सरावानंतर दम दोन्ही गटांत सारखाच वाढला, हेही सांगायला हवं. पण मायटोकाँड्रियाची खूण असलेलं एक प्रथिन गोळीवाल्यांच्या स्नायूंत वाढलं नाही. मीही एके काळी मिरामारला पळायला जाताना ही जोडी घेत असे. २००९ चा निष्कर्ष वाचला आणि उरलेली पाकिटं ड्रॉवरमध्येच मुदत संपून गेली.

सी लागतंच, ते कमी पडलं तर चरबी आत नेणारं कार्निटीनसुद्धा नीट बनत नाही. पण आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या हिशेबानं पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम पुरतं, आणि एवढं एका पेरूत येतं. ई ४०० मात्र आजच थांबवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. शिवाय पन्नाशी उलटलेल्या पुरुषांवरच्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत या मात्रेनं प्रोस्टेट कॅन्सर वाढलेला दिसला.

सायकल चालू ठेवा, बोलता येईल इतक्याच वेगानं. आणि साखळीला पोचल्यावर भाजी-पाव आणि वर मिरचीची भजी खाता का, ते पत्रात लिहिलेलं नाहीत. मी साखळीचीच. तिथं सकाळी सात वाजता कढईत काय असतं ते मला ठाऊक आहे.