सायलेंट हंटर ३ मध्ये मॅन्युअल टार्गेटिंग केलं की टॉर्पेडो का चुकतात?

तुम्ही लिहिलंय की पाणबुडीच्या या कॉम्प्युटर खेळात ऑटो टार्गेटिंग (खेळानं आपोआप नेम धरणं) बंद केल्यापासून स्टेडिमीटरनं (डोलकाठीच्या उंचीवरून अंतर काढणारं पेरिस्कोपमधलं साधन) अंतर घेता, एओबी (जहाजाच्या नाकाच्या दिशेपासून आपण किती अंशांवर आहोत तो कोन) टाकता, नोटपॅडवर वेग काढता आणि तरीही टॉर्पेडो कधी जहाजाच्या पुढून, कधी मागून निघून जातो. माझ्या मते गडबड स्टेडिमीटरपासूनच सुरू होते. लाटांवर पेरिस्कोप वरखाली होत असताना डोलकाठीचं टोक बरोबर धरणं महाकठीण. त्यात अंतर चुकलं की त्यावरून नोटपॅड जो वेग काढतो तोही चुकतो. म्हणून अंतराचा नादच सोडा.

अंतर लागणारच नाही अशी जागा पकडायची. खेळणारे याला ‘फास्ट नाइन्टी’ म्हणतात. नकाशावर जहाजाच्या दोन वेळच्या जागा जोडून त्याच्या मार्गाची रेघ काढा आणि तिला काटकोनात येईल अशी पाणबुडी वळवून, जवळजवळ थांबवून वाट बघत बसा. पेरिस्कोप शून्यावर ठेवून टीडीसीत (टॉर्पेडोचा नेम काढणारं गणकयंत्र) मॅन्युअलचं बटण चालू करून एओबी ९० टाका. जहाज उजवीकडून डावीकडे चाललं असेल तर त्याची डावी बाजू आपल्याकडे असते, म्हणून एओबी पोर्ट (डावी बाजू). वेग टाका, मॅन्युअलचं बटण परत बंद करा, आणि जायरो अँगल (सुटल्यावर टॉर्पेडो किती वळेल तो कोन) शून्य होईपर्यंत पेरिस्कोप जहाज येतंय त्या बाजूला फिरवा. जहाज ८ नॉटचं आणि टॉर्पेडो ३० नॉटचा असेल तर पेरिस्कोपचा हा कोन १५ अंशांच्या आसपास येतो. ४४ नॉटवर लावलेला जी-७-ए जातीचा टॉर्पेडो असेल तर १० अंश. आता पेरिस्कोप हलवायचा नाही. जहाजाचा मधला भाग उभ्या रेघेवर आला की सोडा.

टॉर्पेडो नाकासमोर सरळ जातो, त्यामुळे जहाज ६०० मीटरवर असो की १२००, पुढे धरायचा कोन तोच राहतो. अंतर दुप्पट झालं तर टॉर्पेडोला वेळही दुप्पट लागतो आणि तेवढ्यात जहाजही दुप्पट पुढे सरकतं. एओबीत पाच-दहा अंश इकडेतिकडे झाले तरी जवळून फार बिघडत नाही.

वेग चुकला तर मात्र माफी नाही. ३० नॉटचा टॉर्पेडो ८०० मीटर जायला साधारण ५२ सेकंद घेतो, म्हणजे एका नॉटच्या चुकीला २७ मीटरचा फरक. हे खपून जातं. तीच चूक २००० मीटरवर ६७ मीटरची होते, आणि १३४ मीटर लांबीच्या जहाजाच्या मध्यावर नेम धरला असेल तर टॉर्पेडो जेमतेम टोकाला घासतो. तेव्हा जवळ जा. फक्त ३०० मीटरच्या आत नको, तिथे टॉर्पेडो सज्जच होत नाही.

वेग मोजायला स्टॉपवॉच पुरे. पेरिस्कोप एका दिशेला रोखून ठेवा. जहाजाचं नाक उभ्या रेघेला लागलं की घड्याळ सुरू, शेपूट सुटलं की बंद. १३४ मीटरचं जहाज २६ सेकंदांत पार झालं तर सेकंदाला ५.१५ मीटर, म्हणजे १० नॉट. मात्र या वेळी पाणबुडी खरोखर थांबलेली हवी. पेरिस्कोप ३० अंशांवर आहे आणि तुम्ही २ नॉटनं पुढे सरकताय, एवढ्यानं मोजमापात एका नॉटहून जास्त खोट येते. मला वाटतं बरेच जण इथेच गंडतात आणि दोष टीडीसीला देतात. नकाशावर जहाजं दिसण्याचा पर्याय चालू ठेवला असेल तर आणखी सोपं: ३ मिनिटं १५ सेकंदांत जहाज जितके शेकडा मीटर सरकलं तितके नॉट. ८०० मीटर म्हणजे ८ नॉट.

ट्यूबचं दार आधीच उघडून ठेवा, नाहीतर बटण दाबल्यावर दार उघडण्यात सेकंद जातात आणि जहाज रेघेपुढे निघून जातं. सुरुवातीच्या वर्षांच्या मोहिमेत चुंबकीय पिस्तुलाच्या (पिस्तूल म्हणजे टॉर्पेडोचा स्फोट घडवणारी कळ; ही जहाजाच्या चुंबकत्वानं चालते) फंदात पडू नका. १९४० मध्ये नॉर्वेच्या मोहिमेत खऱ्या जर्मन पाणबुड्यांनाही निकामी टॉर्पेडोंनी रडवलं होतं. आघाताचं (धडकेनं चालणारं) पिस्तूल आणि २-३ मीटर खोली ठेवा; काटकोनात मारा असल्यानं ते कवचावरून घसरतही नाही. दिवसा जी-७-ए टाळून विजेवरचा जी-७-ई वापरा, त्याच्या मागे बुडबुड्यांची रेघ उठत नाही.