नोंदच झाली नाही, तर आठवणार काय?

प्रश्न : वय ५४. करोनात १९ दिवस अतिदक्षता विभागात होतो, त्यातले ११ व्हेंटिलेटरवर. श्वास सुधारला, पण डोकं पूर्वीसारखं चालत नाही. हिशेब लिहिताना मध्येच कोणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. फोन ठेवला की समोरचा काय म्हणाला ते गेलेलं असतं. हा स्मृतिभ्रंश आहे का?

उत्तर : तुमच्या दोन्ही उदाहरणांत स्मृतीच्या आधी लक्ष घसरलेलं दिसतं. ऐकलेली गोष्ट आधी लक्षात शिरावी लागते, क्षणभर धरून ठेवावी लागते, मग ती साठते. तीव्र करोनानंतर बऱ्याच जणांत मोठा फटका पहिल्या दोन पायऱ्यांना आणि विचाराच्या वेगाला बसलेला असतो. केंब्रिज विद्यापीठ आणि लंडनचं इंपिरियल कॉलेज यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रुग्णालयात राहून आलेल्या ४६ जणांना आजारानंतर सुमारे ६ महिन्यांनी तपासलं होतं. त्यांची उत्तरं जास्त चुकत होती आणि उशिराही येत होती. ही घसरण पन्नाशी ते सत्तरी या काळात वयामुळे होते साधारण तेवढी होती, आणि व्हेंटिलेटरवर राहिलेल्यांत जास्त.

साठवणच बिघडली आहे का, हे ओळखायला डॉक्टर बहुधा ‘मोका’ ही लक्ष, स्मृती, भाषा तपासणारी छोटी चाचणी घेतील. ती ३० गुणांची, दहाएक मिनिटांची असते. तीत ५ शब्द ऐकवून दोनदा म्हणवून घेतात आणि सुमारे ५ मिनिटांनी पुन्हा विचारतात. समजा दोनच आठवले, पण ‘त्यात एक रंग होता’ असं सुचवताच तिसरा निघाला, तर शब्द आत आहे, फक्त हाताशी येत नाही. सुचवून, पर्याय देऊनही काहीच ओळखीचं वाटत नसेल, तर साठवणीबद्दल शंका घ्यावी लागते. २६ किंवा अधिक गुण ठीक मानतात. शिक्षण १२ वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून देतात.

इथे एक मेख आहे. या चाचणीत बहुतेक ठिकाणी वेळ मोजत नाहीत. त्यामुळे मंदावलेला पण चिकाटीचा माणूस २८ गुण मिळवतो आणि ‘सगळं नॉर्मल’ ऐकून घरी येतो. कामात अडत असेल तर न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून (स्मृती, लक्ष यांच्या सविस्तर चाचण्या घेणारे तज्ज्ञ) घड्याळ लावून घेतलेल्या चाचण्या मागा. स्मृतिभ्रंश महिन्यागणिक वाढत जातो; करोनानंतरची तक्रार सहसा जागच्या जागी राहते किंवा सावकाश ओसरते. दर महिन्याला बिघडतच असेल, तर मात्र सगळं करोनावर ढकलू नका.

प्रश्न : एमआरआय करावा का?

उत्तर : आधी रक्त : हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, साखर, सोडियम, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या. घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेची तपासणी. मग औषधांची पिशवी टेबलावर उपडी करा. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम या चिंतेच्या-झोपेच्या गोळ्या, अ‍ॅमिट्रिप्टिलीन, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन हे सगळे डोकं जड करतात, आणि रुग्णालयात सुरू झालेली झोपेची गोळी वर्षानुवर्षं तशीच चालू राहिलेली आढळते. ती आपल्या मनाने एकदम तोडू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांकडून मात्रा हळूहळू उतरवून घ्या.

करोनानंतर मेंदूत दिसलेले बदल शेकडो जणांच्या सरासरीतून निघालेले आहेत, एकाच्या फिल्मवर ते बहुधा दिसत नाहीत. अचानक बिघाड, एका बाजूची कमजोरी, अडखळती वाचा किंवा फिट असेल, तर मात्र लगेच रुग्णालय गाठा.

प्रश्न : आई ६८ वर्षांची. गोळी घेतली की नाही हे तिला सांगता येत नाही. आम्ही ‘आठव बरं’ म्हणून आठवायला लावतो.

उत्तर : ते थांबवा. ताणून आठवताना माणूस अंदाज ठोकतो आणि तो चुकीचा अंदाजच डोक्यात पक्का बसतो. बरोबर उत्तर आधी सांगा : ‘गोळ्यांची डबी फ्रिजवर.’ लगेच विचारा, डबी कुठे? मग ३० सेकंदांनी, १ मिनिटाने, २, ४, ८ मिनिटांनी. चुकलं तर उत्तर सांगून टाका आणि ज्या अंतरावर जमलं होतं तिथे परत या. एका वेळी एकच गोष्ट.

गोळ्यांसाठी सात खणांची डबी ठेवा. खण रिकामा म्हणजे घेतली, तिथे स्मृतीचा प्रश्नच उरत नाही. वही एकच असू द्या. एक उशाशी, एक पर्समध्ये, शिवाय फोनमध्ये नोंदी, असं झालं की वही कुठली हेच आठवावं लागतं. सांगताना टीव्ही बंद ठेवा.

प्रश्न : वडील अजून म्हणतात, ‘अतिदक्षता विभागात मला बांधून ठेवलं होतं, पलंगाखाली पाणी भरलं होतं.’ समजावलं की चिडतात.

उत्तर : हा डिलिरियमचा, म्हणजे तीव्र भ्रमावस्थेचा ठसा. १४ देशांतल्या २,०८८ गंभीर करोना रुग्णांच्या २०२१ सालच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक जणांना डिलिरियम झाला होता. बेंझोडायझेपिन गटातल्या गुंगीच्या औषधांनी धोका वाढलेला दिसला, तर नातेवाइकांची भेट, अगदी व्हिडिओवरची, झालेल्यांत तो कमी दिसला. भ्रम जितके दिवस टिकला तितकी वर्षभरानंतरची विचारशक्ती कमी भरते, हे करोनाआधीच २०१३ मध्ये दिसून आलं होतं.

आणि ‘बांधलं होतं’ हे खरंही असू शकतं! नळी उपसू नये म्हणून मऊ पट्ट्यांनी हात बांधतात. वाद घालू नका. डिस्चार्जचे कागद, तेव्हाचे मेसेज, फोटो घेऊन तारीखवार टिपण करा : कधी नळी घातली, कधी काढली, कोण भेटलं. ते त्यांच्यासोबत वाचा, एका बैठकीत दोन-तीन दिवसांपुरतंच. दचकून उठणं किंवा रुग्णालयाचं नाव टाळणं सुरूच राहिलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मेंदूच्या व्यायामाची अ‍ॅप्स घ्यावीत का?

उत्तर : त्या खेळातले गुण वाढतात, रोजचं काम सुधारेलच असं नाही. अमेरिकेत दीर्घ करोनाच्या, म्हणजे आजार सरूनही त्रास रेंगाळलेल्या, रुग्णांवर झालेल्या चाचणीत असं प्रशिक्षण घेतलेल्यांत आणि तुलनेच्या गटात लक्षणीय फरक निघाला नाही. त्यापेक्षा अवघड काम दिवसातल्या ताज्या वेळेला २० ते २५ मिनिटं करा आणि दमायच्या आधी थांबा. जास्त ताणल्याचा परिणाम अनेकांना त्याच दिवशी कळत नाही, तो १२ ते ४८ तासांनी अंगावर येतो. म्हणून काम आणि थकवा दोन आठवडे वहीत शेजारी-शेजारी लिहा. तुमची मर्यादा किती मिनिटांची, ते त्यावरून कळेल.