ग्रेनेडा : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कॅरिबियन समुद्राच्या आग्नेय टोकाशी, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण दीडशे किलोमीटर उत्तरेला ग्रेनेडा हा देश आहे. त्याच्याविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : एवढ्याशा बेटाला स्वतंत्र देश म्हणायचे का? आणि तेथे अजूनही इंग्लंडचा राजा आहे, हे खरे का? (एक वाचक, पुणे)

ग्रेनेडा ७ फेब्रुवारी १९७४ रोजी स्वतंत्र झाला. ग्रेनेडा, कॅरियाकू आणि पेटीट मार्टिनीक ही वस्तीची तीन बेटे मिळून त्याचे क्षेत्रफळ ३४४ चौरस किलोमीटर भरते. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन जिल्हे एकत्र केले तर ते याहून बरेच मोठे होतील. लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत आहे. ब्रिटनचा राजा तेथेही राष्ट्रप्रमुख आहे, पण नावापुरता. कारभार पंतप्रधान चालवतात. कनिष्ठ सभागृहात लोकांनी निवडून दिलेले अवघे १५ सदस्य असतात आणि १९९९, २०१३ व २०१८ या तिन्ही निवडणुकांत एकाच पक्षाने १५ पैकी १५ जागा जिंकल्या. याला कोणी हुकूमशाही म्हणेल, तर त्याने २०२२ चा निकालही पाहावा : त्याच पक्षाला मतदारांनी शांतपणे घरी बसवले.

प्रश्न : आमच्या वाडीत नारळी-पोफळीत जायफळ आहे. ग्रेनेडाच्या झेंड्यावर जायफळ आहे असे ऐकले. तेथील लागवड आपल्यापेक्षा वेगळी आहे का? (एक बागायतदार, दापोली)

झेंड्यावर दांडीच्या बाजूच्या हिरव्या त्रिकोणात उकललेले जायफळ आहे, आणि ते शोभेसाठी नाही. मूळचे इंडोनेशियातील बांदा बेटांचे हे झाड ग्रेनेडात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुजले आणि पुढे जगातील जायफळाच्या उत्पादनात इंडोनेशियाच्या खालोखाल या बेटाचे नाव घेतले जाऊ लागले. झाडाचा स्वभाव सगळीकडे सारखाच आहे. रोप नर निघणार की मादी हे फुलावर येईपर्यंत कळत नाही, आणि फुलावर यायलाच पाच-सात वर्षे जातात. आपल्याकडे दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कलमांचा मार्ग रुळवला आणि कोकण सुगंधा, कोकण स्वाद यांसारख्या जाती दिल्या, म्हणून तुमच्या वाट्याला ही अनिश्चितता कमी येते.

खरा फरक विक्रीच्या व्यवस्थेत आहे. ग्रेनेडातील जायफळाचा व्यापार १९४७ पासून बागायतदारांच्या सहकारी संस्थेकडे आहे. शेतकरी फळ वेचून, जायपत्री सोडवून माल संस्थेच्या केंद्रावर आणून घालतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या गुयाव्ह गावातील केंद्रात लाकडी फळ्यांच्या मांडणीवर जायफळे कित्येक आठवडे सावलीत सुकतात आणि माणसे लाकडी दाताळ्यांनी ती परतत राहतात. मग कवच फोडून गर पाण्यात सोडतात. बुडेल तो उत्तम, तरंगेल तो तेलासाठी बाजूला. जायपत्री अंधाऱ्या कोठारात वेगळी मुरवली जाते.

आता याची दुसरी बाजू. जायफळाची मुळे उथळ असतात. १९५५ च्या ‘जॅनेट’ वादळाने बागा झोपवल्या, त्या उभ्या राहायला एक पिढी गेली. आणि ७ सप्टेंबर २००४ रोजी ‘आयव्हन’ आले, तेव्हा दहापैकी नऊ घरांना तडा गेला व जायफळाची बहुतेक झाडे उन्मळली. साठीच्या बागायतदाराने पुन्हा जायफळ कोणासाठी लावायचे? अनेकांनी लवकर फळणारा कोको धरला. जगाच्या बाजारातले पूर्वीचे स्थान ग्रेनेडाला अजून परत मिळालेले नाही, आणि त्याचा दोष मी तेथील शेतकऱ्यांना देणार नाही.

प्रश्न : अमेरिकेसारख्या महासत्तेने १९८३ मध्ये या चिमुकल्या देशावर सैन्य का पाठवले? (एक शिक्षिका, नागपूर)

याची सुरुवात १३ मार्च १९७९ ला होते. त्या दिवशी मॉरिस बिशप यांच्या ‘न्यू ज्युएल’ चळवळीने एरिक गेरी यांचे सरकार जवळजवळ रक्त न सांडता उलथवले. गेरींच्या गुंडगिरीला लोक विटले होते, त्यामुळे स्वागतही झाले. नव्या सरकारने शाळा, साक्षरता आणि आरोग्य यांत चांगले काम केले. त्याचबरोबर राज्यघटना स्थगित ठेवली, निवडणुका घेतल्या नाहीत आणि विरोधकांना विनाचौकशी कोठडीत टाकले. या दोन बाजूंपैकी एकच सांगणारा लेख दिसला, तर तो कोणत्या गोटातून आला हे ओळखणे अवघड नाही.

वादाचा मुद्दा झाला तो दक्षिणेकडच्या पॉइंट सलीन्स येथील विमानतळ. क्यूबाचे कामगार तेथे लांब धावपट्टी बांधत होते. ती पर्यटकांसाठी आहे असे बिशप सांगत. ती सोव्हिएत लष्करी विमानांसाठी आहे असे रेगन सांगत. ऑक्टोबर १९८३ मध्ये पक्षातच फूट पडली. बर्नार्ड कोर्ड यांच्या गटाने बिशपना नजरकैदेत ठेवले. १९ ऑक्टोबरला जमावाने त्यांना सोडवून किल्ल्यावर नेले आणि तेथे सैनिकांनी त्यांना व त्यांच्या काही सहकाऱ्यांना भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या. त्यांचे अवशेष आजतागायत मिळालेले नाहीत. लष्कराने दिसताक्षणी गोळी घालण्याच्या हुकमासह संचारबंदी लावली आणि २५ ऑक्टोबरला अमेरिकी सैन्य उतरले. शेजारच्या बेटांची विनंती आणि तेथे शिकणाऱ्या शेकडो अमेरिकी विद्यार्थ्यांची सुरक्षितता ही कारणे देण्यात आली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०८ विरुद्ध ९ मतांनी या कारवाईबद्दल तीव्र खेद व्यक्त केला. राष्ट्रकुलातील देशावर आपल्याला विश्वासात न घेता सैन्य उतरवले म्हणून मार्गारेट थॅचरही नाराज होत्या, आणि त्याच नोव्हेंबरात इंदिरा गांधींच्या यजमानपदाखाली दिल्लीत भरलेल्या राष्ट्रकुल परिषदेत हा विषय चांगलाच गाजला.

बेटावरचे मत मात्र बाहेरच्यांच्या ठोकताळ्यात बसत नाही. २५ ऑक्टोबर हा तेथे कृतज्ञता दिन म्हणून सुटीचा दिवस आहे. आणि त्या वादग्रस्त विमानतळाला २००९ पासून मॉरिस बिशप यांचेच नाव आहे.

प्रश्न : तेथे भारतीय वंशाचे लोक आहेत का? त्यांत मराठी कोणी? (एक वाचक, न्यू जर्सी)

भारतीय आहेत, गिरमिटियांत मराठी माणसांचा मागमूस मला आढळलेला नाही. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून १ मे १८५७ रोजी ‘मेडस्टोन’ हे पहिले जहाज कलकत्त्याहून ग्रेनेडात पोहोचले. १८८५ पर्यंत सुमारे ३,२०० जण आले. त्रिनिदादमध्ये भोजपुरी, रामलीला आणि मंदिरे टिकली, कारण तेथे संख्या लाखावर होती. ग्रेनेडात संख्या थोडी, वस्ती विखुरलेली आणि मिशनरी शाळा हाच शिक्षणाचा मार्ग. त्यामुळे दोन-तीन पिढ्यांत भाषा आणि धर्म दोन्ही गेले. रोटी आणि करी उरली, आणि ती आज सगळ्यांचीच आहे.

प्रश्न : मुलीला तेथील वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशाविषयी विचारणा आली आहे. पाठवावे का? (एक पालक, ठाणे)

१९७६ मध्ये स्थापन झालेले सेंट जॉर्जेस विद्यापीठ ही खरी आणि मोठी संस्था आहे; १९८३ मध्ये ज्या विद्यार्थ्यांचे निमित्त झाले ते तिचेच. मात्र तेथील चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची आखणी मुख्यतः अमेरिकेत व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांसाठी आहे : पहिली दोन वर्षे शास्त्रविषय आणि पुढची दोन बहुतांशी अमेरिका वा ब्रिटनमधील रुग्णालयांत. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशी अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, शिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि हे सर्व एकाच परदेशी संस्थेत पूर्ण झालेले लागते. मुलीला परत येऊन भारतात डॉक्टरकी करायची असेल, तर या अटी कशा पूर्ण होतील याचे लेखी उत्तर हाती आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. एजंटच्या तोंडी आश्वासनाला किंमत नाही.

प्रश्न : फिरायला केव्हा जावे? (अनेक वाचक)

जानेवारी ते मे हा कोरडा काळ उत्तम. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम असतो. ग्रेनेडा वादळपट्ट्याच्या खाली आहे हा जुना समज आयव्हनने खोटा ठरवला, आणि १ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ने कॅरियाकू बेट भुईसपाट केले, तेथे जायचे असल्यास मुक्कामाची खात्री आधी करून घ्यावी. ग्राँड आन्सचा पांढरा किनारा प्रसिद्ध आहेच, पण मोलिनेअर उपसागरातील पाण्याखालचे शिल्पउद्यान आणि गुयाव्हचे जायफळ केंद्र चुकवू नये. गुयाव्हला शुक्रवारी गेलात तर संध्याकाळपर्यंत थांबा. त्या दिवशी गावातले कोळी रस्त्यावरच मासे भाजून-तळून विकतात.