कंपनीने डेव्हलपर अ‍ॅक्सेस बंद केला, आता माझं ओपन सोर्स प्लगिन सांभाळणं सोडून देऊ का?

तुम्ही लिहिलंय की दोन वर्षं प्लगिन सांभाळताय, आता कंपनी एपीआयची की (त्यांच्या सर्व्हरवरून आपल्या प्रोग्रामला माहिती मागता यावी म्हणून मिळणारी किल्ली) फक्त नोंदणी असलेल्या कंपन्यांनाच देते, एकट्या माणसाला नाही, आणि वापरणारे रोज विचारतात कधी सुरू होणार. थांबलं तर लोकांना वाऱ्यावर सोडल्यासारखं होईल का, असं तुम्हाला वाटतंय. मी गेल्या वर्षी ह्यातूनच गेलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगतो, थांबवा, पण बंद करण्याचं कामसुद्धा एक रिलीज असल्यासारखं मन लावून करा, त्याला मला तीन रविवार लागले.

मी बेळगावचा, वडगावात राहतो. २०२१ मध्ये घरावर सोलर बसवलं. इन्व्हर्टरला कंपनीची वायफायची स्टिक असते, ती आकडे कंपनीच्या सर्व्हरवर पाठवते आणि आपल्याच छपरावरची वीज आपण त्यांच्या अ‍ॅपमध्ये बघायची. मला ते आकडे होम असिस्टंटमध्ये (घरातली यंत्रं एका जागी जोडून दाखवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) पाहिजे होते. कंपनीला मेल टाकला तर चार दिवसांत की आली, काही कागद नाही काही नाही. पायथॉनमध्ये इंटिग्रेशन, म्हणजे त्याला जोडायचं प्लगिन, लिहिलं, एमआयटी लायसन्स (कुणीही घ्या, बदला, वापरा असा परवाना) लावून गिटहब ह्या कोड ठेवायच्या साइटवर ठेवलं आणि विसरून गेलो. वर्षभरात चारशेच्या आसपास लोक ते वापरायला लागले, निपाणी, गोकाक, हुबळी, कोल्हापूर, सगळीकडचे. रीडमी (सोबतची माहितीची फाइल) मी मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहिला होता कारण आमच्याकडे प्रश्न दोन्हीत येतात, एकच माणूस अर्धा मेसेज मराठीत आणि अर्धा कन्नडमध्ये टाकतो.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो खानापूरच्या माझ्या मामांना. त्यांची पिठाची गिरण आहे, साडेसात एचपीची मोटर, म्हणजे साधारण साडेपाच किलोवॅट, आणि छपरावर १० किलोवॅटचं सोलर. उत्पादन सहा किलोवॅटच्या वर गेलं की त्यांच्या फोनवर मेसेज जायचा, मग ते गिऱ्हाइकांचे डबे त्या वेळेत दळून घ्यायचे. खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीत असेल, जूनपासून आभाळ भरलेलंच, कधी तासभर ऊन पडतं आणि तेवढ्यात काम उरकायचं असतं. मामांना एपीआय म्हणजे काय ते माहीत नाही, पण मेसेज आला नाही की त्यांचा फोन यायचा, अरे आज तुझं ते झोपलंय काय.

मग गेल्या वर्षी कंपनीचा मेल आला, ३० दिवसांनी वैयक्तिक डेव्हलपरांच्या सगळ्या की रद्द, पुढे फक्त करार केलेल्या कंपन्यांना. मी दोन पत्रं लिहिली, साचेबंद उत्तर आलं. आणि इथं मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. मी त्यांच्या मोबाइल अ‍ॅपचं लॉगिन वापरणारा आडमार्ग काढला, म्हणजे वापरणाऱ्याने आपला खरा युजरनेम-पासवर्ड माझ्या इंटिग्रेशनला द्यायचा आणि ते अ‍ॅप असल्यासारखं सर्व्हरशी बोलणार. दोन महिने चाललं. दर दहा-बारा दिवसांनी त्यांनी काहीतरी बदलायचं, मी रात्री दोनपर्यंत बसून दुरुस्त करायचं, सकाळी ऑफिस. मग एक दिवस गोकाकच्या एका गृहस्थांचा फोन आला, सर, अकाउंट बंद आगैत्री, म्हणजे बंद झालंय. कंपनीने त्यांचं खातंच लॉक केलं होतं, आणि वॉरंटीची तक्रार त्याच अ‍ॅपमधून करायची असते, त्यांच्या इन्व्हर्टरला तेव्हाच एरर आलेला. आठवडाभर त्यांचं सोलर बंद राहिलं. त्या माणसाने मला एक शब्द वाकडा बोलला नाही, पण मला झोप लागली नाही, कारण धोका मी पत्करला असं मला वाटत होतं आणि प्रत्यक्षात तो त्यांच्या गळ्यात पडला होता. त्या रात्री ठरवलं की आता थांबायचं.

कंपनीवर राग होता आणि अजून आहे, पण एक गोष्ट मी नंतर कागदावर मांडली ती तुम्हीपण मांडून बघा. माझं इंटिग्रेशन सुरुवातीला दर ३० सेकंदाला सर्व्हरला विचारायचं. म्हणजे एका घराचे दिवसाला २,८८० कॉल, चारशे घरांचे ११ लाख ५२ हजार. आणि स्टिक तर आकडे पाच मिनिटांनी एकदाच वर पाठवते! म्हणजे दहातले नऊ कॉल फुकट, तोच आकडा परत परत. पाच मिनिटांवर आणलं तेव्हा एका घराचे २८८ झाले, पण ते मी फार उशिरा केलं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये चेंबरलेनने त्यांच्या मायक्यू गॅरेज दरवाज्यांचा बाहेरचा अ‍ॅक्सेस बंद केला तेव्हा त्यांनी हेच कारण दिलं होतं, वापरणारे फक्त ०.२ टक्के आणि निम्म्याहून जास्त ट्रॅफिक त्यांचा. होम असिस्टंटने ते इंटिग्रेशन पुढच्याच महिन्यात, २०२३.१२ च्या रिलीजमध्ये काढून टाकलं. कारण खरं असलं तरी माझं म्हणणं हे की मर्यादा घाला, दिवसाला इतके कॉल म्हणा, दरवाजाच बंद करायची गरज नव्हती, शेवटी छप्पर आमचं, पैसे आमचे, वीज आमची, तिचा आकडा बघायला आम्हाला कंपनी काढायला लावणं हे चूकच आहे. पण हे आता सगळीकडेच व्हायलंय. रेडिटने २०२३ मध्ये एपीआयला दर लावले तेव्हा अपोलोसारखं नावाजलेलं अ‍ॅप ३० जूनला बंद झालं. स्पॉटिफायने २०२५ पासून वाढीव अ‍ॅक्सेससाठी नोंदणीकृत संस्था आणि महिन्याला किमान अडीच लाख वापरणारे अशी अट घातली. तिथं तुम्ही-आम्ही एकट्याने रात्री जागून काय पुरे पडणार ओ.

कायद्याचं कुणीतरी विचारेलच. आपल्या कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये सवलत आहे, प्रोग्राम कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे त्याने दुसऱ्या स्वतंत्र प्रोग्रामशी तो जुळवण्यासाठी लागणारी माहिती काढून घेतली, आणि ती माहिती सहज मिळत नसेल, तर ते उल्लंघन धरत नाहीत. पण खातं उघडताना आपण ज्या अटींना हो म्हटलंय त्या वेगळ्या, आणि सर्व्हर त्यांचा आहे, ते खातं बंद करू शकतात. म्हणून ह्या कलमाच्या भरवशावर लोकांची खाती पणाला लावू नका.

आता बंद कसं केलं ते. नुसता रीडमी बदलून काही होत नाही, बसवल्यानंतर रीडमी कोण वाचतो. होम असिस्टंटमध्ये रिपेअर्स म्हणून सोय आहे, सेटिंगमध्ये सूचना दिसते, मी शेवटच्या रिलीजमध्ये तीच टाकली, हे अमुक तारखेपासून बंद होणार, का होणार, आणि तुम्ही काय करायचं, मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीत. त्याच रिलीजमध्ये लॉगिनचा कोड पूर्ण काढला, साठवलेले पासवर्ड पुसायची व्यवस्था केली आणि कंपनीच्या अ‍ॅपचा पासवर्ड बदला असं ठळक लिहिलं. मग सहा आठवडे थांबलो. प्रत्येक उघड्या प्रश्नाला हाताने उत्तर दिलं, एकच मजकूर चिकटवला नाही, कारण त्यातल्या काहींनी माझ्यासाठी रात्री जागून लॉग पाठवले होते. शेवटी एक इश्यू (गिटहबवरचं प्रश्नाचं पान) सगळ्यात वर पिन करून रेपो (कोडची सगळी जागा) अर्काइव्ह केला. अर्काइव्ह केल्यावर सगळं वाचता येतं, फोर्क करता येतं (स्वतःची प्रत काढून पुढे चालवता येतं), फक्त नवीन काही लिहिता येत नाही, म्हणून लिहायचं ते आधी लिहून घ्या. डिलीट मात्र करू नका. त्या चार वर्षांच्या प्रश्नोत्तरांत कुठला एरर कोड कशाचा हे जे साठलंय ते दुसरीकडे कुठंच लिहिलेलं नाही.

बंद करतोय म्हटल्यावर मला एका अनोळखी माणसाचा मेल आला, रेपो माझ्या नावावर करा, मी चालवतो. मी नाही म्हटलं. तो चांगलाच माणूस असेल, पण चारशे घरांत माझ्या नावावर विश्वास ठेवून अपडेटचं बटण दाबतात, ते बटण मी न बघितलेल्या माणसाला कसं देऊ? २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम ह्या एनपीएम पॅकेजचं (जावास्क्रिप्टचा तयार कोड, जो बाकीचे प्रोग्राम आपोआप आत घेतात) असंच झालं, थकलेल्या मेंटेनरने विचारणाऱ्याला हक्क देऊन टाकले, आणि त्याने बिटकॉइनचं वॉलेट लुटणारा कोड आत घातला, आठवड्याला जवळपास २० लाख डाउनलोड असणाऱ्या पॅकेजमध्ये. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेडचं (लिनक्समधलं फाइली दाबून लहान करायचं साधन) त्याहून वाईट, तिथं तर माणसाने दोन-अडीच वर्षं खरं काम करून विश्वास कमावला आणि मग मागचा दरवाजा बसवला, आंद्रेस फ्रॉइंड ह्या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा संशय आला म्हणून वाचलो. त्या मेलवाल्याला मी लिहिलं, लायसन्स एमआयटी आहे, फोर्क करा, तुमच्या नावाने चालवा, लोक तुम्हाला ओळखून यायचे तर येतील. तुमच्याबरोबर प्लगिन सांभाळणारे को-मेंटेनर दोन वर्षांपासूनचे असतील तर गोष्ट वेगळी, त्यांना जरूर द्या.

आणि हो, बंद करण्याआधी एक गोष्ट बघाच, तुमच्या यंत्राला लोकल रस्ता आहे का, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरशिवाय थेट यंत्रातूनच आकडे घेता येतात का. माझ्या इन्व्हर्टरला खाली आरएस-४८५ चं पोर्ट (वायरीने आकडे बाहेर काढायची जोडणी) आहे, मॉडबस बोलतं, म्हणजे यंत्रांची आकडे विचारायची ठरलेली भाषा, आणि चार वर्षं मी तिकडं बघितलंच नव्हतं कारण क्लाउड सोपं होतं. खडेबाजारातून यूएसबीचा कन्व्हर्टर आणला, दोन वायरी, ए आणि बी, वेग ९६००. पहिल्या दिवशी काहीच येईना, दोन्ही वायरी उलट्या लागल्या होत्या, दहातल्या आठ जणांचं तेच होतं. फक्त वाचायचं, म्हणजे फंक्शन ३ आणि ४, रजिस्टरमध्ये (आकडे आणि सेटिंग ठेवायचे क्रमांकाचे कप्पे) लिहायच्या भानगडीत पडू नका, ग्रिडच्या सेटिंग तिथंच असतात. इन्व्हर्टरचं झाकण स्वतः उघडू नका, पॅनलच्या बाजूला कितीतरी शे व्होल्ट डीसी असतात, इलेक्ट्रिशियनलाच बोलवा. आणि पोर्टवर आधीच मीटर जोडलेला असेल तर त्याची वायर काढू नका.

आता आकडा पाच मिनिटांनी नाही, पाच सेकंदाला येतो आणि इंटरनेट गेलं तरी येतो. रजिस्टरची यादी आणि वायरिंगचे फोटो मी त्या पिन केलेल्या इश्यूत टाकलेत. चारशेपैकी किती जणांनी केलं मला माहीत नाही, साठ-सत्तर जणांनी कळवलं. बाकीच्यांना जमलं नसेल, प्रत्येकाच्या इन्व्हर्टरजवळ कॉम्प्युटर ठेवायला जागा नसते, ते माझ्या मनाला अजून लागतं. गोकाकच्या गृहस्थांकडे मी स्वतः जाऊन लावून दिलं. मामांकडे गणपतीच्या सुट्टीत लावलं, छपराखालून गिरणीपर्यंत वायर नेली, लांब होती म्हणून शेवटाला १२० ओहमचा रेझिस्टर लावायला लागला, मग आकडे स्थिर झाले.

तुमचं प्लगिन कुठल्या यंत्राचं आहे ते लिहिलं नाही तुम्ही. मॉडेल नंबर आणि खालच्या बाजूच्या पोर्टचा फोटो टाका, आरएस-४८५ असेल तर रजिस्टर शोधायला मी बसतो तुमच्याबरोबर, रविवारी दुपारनंतर मोकळा असतो.