डाळिंबाला फुलं येतात पण फळ धरत नाही? आधी पाणी तोडा

दादा, जुळे सोलापूरला बंगल्यामागं दोन वर्षांचं भगवा जातीच्या डाळिंबाचं झाड, रोज पाणी, महिन्याला शेणखत वर युरिया, झाड हिरवंगार पण फुलं सगळी गळतात, असं तुम्ही लिहिलंय. माझं स्पष्ट मत, झाडाला काही कमी पडत नाहीये, जास्त होतंय. सांगोला-मंगळवेढ्याकडं हलक्या मुरमाड रानात डाळिंब का जमतं, तर तिथं पाणी तुंबत नाही आणि झाडाला ताण बसतो, म्हणजे काही दिवस पाण्यावाचून राहावं लागतं. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे हवेला दोष देऊ नका.

आधी एक करा, गळालेलं फूल हातात घेऊन देठाकडची बाजू बघा. बूड निमुळतं असेल तर ती नर कळी, ती गळणारच, लहान झाडाला अशा कळ्या जास्त येतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बूड गाडग्यासारखं फुगीर असेल आणि आतला मधला दांडा पिवळ्या केसरांच्या बरोबरीनं वर आलेला असेल तर ती मादी कळी, फळ हिलाच धरतं. ह्या गळत असतील तरच काळजी, आणि मग कारण बहुतेक पाणी नाहीतर मधमाश्या नसणं.

आता ताण. घरच्या झाडाला आंबे बहार धरा, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतील असं बघा, सोपा पडतो. डिसेंबर लागला की पाणी पूर्ण बंद, युरिया तर आत्तापासूनच बंद, त्यानं नुसता पाला वाढतो. तुमची काळी जमीन असेल तर ओल लवकर हटत नाही, महिना-दीड महिना लागतो, पानं पिवळी पडून गळायला लागली की ताण बसला समजा, त्या वेळी जीव कळवळतो आणि माणूस पाईप सोडतो, ते अजिबात करू नका. शेतकरी पानगळीला इथरेल मारतात, घरच्या एका झाडाला त्याची गरज नाही. मग जानेवारीत बुडातले फुटवे आणि सरळ वर गेलेल्या जोमदार काड्या काढा, शेंडे मात्र सरसकट कापू नका कारण कळी जुन्या काडीवरच्या आखूड फुटव्यांवर येते. आळ्यात चांगलं कुजलेलं शेणखत टाका, पहिलं पाणी हलकं द्या आणि हळूहळू वाढवा. एकदम भरपूर पाणी दिलं किंवा मध्येच खंड पडला की लागलेली कळी गळते, मी तर म्हणेन निम्मी गळ यानंच होते.

फुलं असताना कीटकनाशक मारू नका. माश्या दिसत नसतील तर सकाळी मऊ ब्रशनं नर कळीतला पराग मादी कळीला लावा, हमखास फरक पडतो.

फळं धरली की लहान झाडावर १५-२० च ठेवा, जोडीनं चिकटलेल्यातलं एक काढा, तिथं अळी बसते. मे मधल्या उन्हात पश्चिमेची फळं भाजतात, तिकडं जुनी साडी बांधा. भगवा पिकायला कळीपासून साडेपाच-सहा महिने घेतो, म्हणजे जुलै-ऑगस्ट. पावसात फळावर काळे तेलकट, चिरलेले डाग दिसले तर तो तेल्या रोग, ते फळ तोडून लांब नेऊन जाळा आणि फोटो घेऊन केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात दाखवा, दुकानदाराला विचारून औषध मारत बसू नका.