ग्रॅच्युइटी: 240 दिवस मोजायचे की 190?

एका वाचक भगिनींचा ग्रॅच्युइटीबद्दल, म्हणजे बरीच वर्षं नोकरी करून बाहेर पडताना कंपनीने द्यायच्या एकरकमी पैशांबद्दल, प्रश्न आहे. 6 जुलै 2020 ला नोकरीला लागल्या, 14 मार्च 2025 हा शेवटचा दिवस. एचआरने फोनवर सांगितलं, ‘पाच वर्षं झाली नाहीत, पाचव्या वर्षात 240 दिवसही भरत नाहीत, ग्रॅच्युइटी बसत नाही.’ फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या, कागदावर ‘काही येणे बाकी नाही’ म्हणून सहीही करून दिली. अशी पत्रं मला सारखी येतात आणि सगळ्यांत ‘फोनवर सांगितलं’ हे शब्द असतात. फोनवरच्या नकाराला कागद नसतो, एवढं तरी ध्यानात घ्या.

आता तुमचा हिशेब. ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं नोकरी लागते, पण पाचव्या वर्षात कामाचे ठरावीक दिवस, एरवी 240, भरले तर ते वर्ष पूर्ण धरा असा दावा करता येतो. पाचवं वर्ष 6 जुलै 2024 ला सुरू झालं. तिथून शेवटच्या दिवसापर्यंत 252 दिवस. वडिलांच्या आजारपणातली 22 दिवसांची बिनपगारी रजा वजा केली की 230 उरतात. एचआरचं गणित चुकलेलं नाही, पण आकडा चुकीचा लावलाय. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की ऑफिसला शनिवार-रविवार सुट्टी असायची. सगळं प्रकरण त्या वाक्यात आहे. 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याचं कलम 2अ म्हणतं की जी आस्थापना आठवड्यात सहा दिवसांपेक्षा कमी चालते, तिथे 240 नव्हे, 190 दिवस पुरतात. (या कायद्याच्या जागी नवी सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 ला आली, तुम्ही त्याआधीच बाहेर पडलात, म्हणून जुनाच कायदा.)

कंपनी म्हणेल, शनिवार-रविवार ‘प्रत्यक्ष काम’ नाही, ते काढा. तसे काढले तर 190 सुद्धा भरत नाहीत. त्यावर उत्तर आहे: औद्योगिक विवाद कायद्यातल्या अशाच शब्दरचनेवर सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये पगारी रविवार आणि सुट्ट्या मोजायला सांगितल्या. पाचव्या वर्षात पुरेसे दिवस भरले की ते वर्ष पूर्ण धरायचं, असं मद्रास उच्च न्यायालयाने 1998 मध्ये म्हटलं. पण सगळीकडे एकमत नाही. तेव्हा हमी देत नाही, लढण्याजोगं आहे एवढंच सांगतो. आणि ‘सहा महिन्यांवर गेलं की पूर्ण वर्ष’ हा नियम पात्रतेला लावू नका, तो फक्त रक्कम काढताना चालतो.

त्या सहीची फार धास्ती नको. कलम 14 मुळे करारात काहीही लिहिलेलं असलं तरी कायदाच वरचढ ठरतो.

उशिराचं काय? नमुना ‘आय’मध्ये कंपनीकडे लेखी अर्ज 30 दिवसांत करायचा असतो. तुम्ही केलाच नाहीत. पण केवळ अर्ज उशिरा आला म्हणून दावा बाद होत नाही, असं या कायद्याखालच्या नियमांतल्या नियम 7 मध्ये स्पष्ट आहे. उशिराचं कारण मात्र लिहा, आजारपणाचे कागद जोडा. अर्ज पोचला की 15 दिवसांत कंपनीने लेखी होकार किंवा कारणांसह नकार द्यायचा. नकार आला, किंवा काहीच आलं नाही, की 90 दिवसांत नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, नमुना ‘एन’मध्ये अर्ज. हे 90 दिवस मात्र पुन्हा घालवू नका. तिथे तारखांवर तारखा पडतातच, त्यात आपली भर कशाला?

आता रक्कम. तुमचा 31,200 रुपये पगार हा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून असेल, तर 26 ने भागा, 15 ने आणि पाच वर्षांनी गुणा: 90,000 रुपये. उशिरा दिल्याबद्दल साधं 10 टक्के व्याज मागा.

सॅलरी स्लिपा ऑफिसच्या मेलवर राहिल्या, लॅपटॉप परत गेला, असं लिहिलंय. मग बँकेचं स्टेटमेंट काढा आणि हजेरी-रजेचा तपशील कंपनीकडे त्याच अर्जात मागा. अर्ज स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह. शेवटच्या दिवसाची तारीख रिलीव्हिंग लेटरवरचीच घाला. राजीनाम्याची घातलीत तर नोटीस पिरियडचे दिवस हातचे जातील.