‘वन पीस’मध्ये भाग २३६पर्यंत आलोय आणि उसोप डोक्यात जातोय. पुढे बघू की सोडून देऊ?

प्रश्नाखाली तुम्ही जोडलंय की एका फुटक्या बोटीसाठी स्वतःच्या कॅप्टनवर उठलेला हा लांबनाक्या तुम्हाला सहन होत नाही, झोरो आणि सांजी असताना त्याची गरज काय, आणि पुढचे फिलर, म्हणजे मूळ कथेत नसलेले मध्येच घुसवलेले भाग, कोणते गाळावेत. मालिका न बघितलेल्यांसाठी एका ओळीत: ‘वन पीस’ ही समुद्री चाच्यांची जपानी ॲनिमे, लफी कॅप्टन, उसोप, झोरो, सांजी आणि चॉपर त्याचे साथीदार, आणि ती बोट म्हणजे त्यांची गोइंग मेरी. फिलरचं शेवटी सांगतो, ते दोन मिनिटांचं काम. ‘फुटकी बोट’ हे मात्र तसंच सोडवत नाही. आमचं घर सर्जेकोटच्या बाजूला, आणि घरातल्या थोरल्या चुलतभावाचं, म्हणजे दादाचं, उसोपवर हेच म्हणणं आहे: “फुटलेली होडी ती! तिका कवटाळून रडाचा कित्याक?” दादाचा जन्म होड्यांत गेला, त्याच्यापुढे घरात कोणी बोलत नाही. म्हणून इथे बोलतो.

गोइंग मेरी फुटकी नव्हती. फुटकी होडी दुरुस्त होते. फळी गेली तर फळी बदला, फट उघडली तर कापूस ठासा, डोलकाठी मोडली तर दुसरी उभी करा. मेरीचा पठाण गेला होता. पठाण म्हणजे तळाचा कणा, पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत जाणारं सलग लाकूड. होडी बांधताना पहिला तो बसतो. मग त्यावर फासळ्या, फासळ्यांवर फळ्या. तो बदलायचा तर हे सगळं उलट क्रमाने उतरवायचं, आणि उतरवून पुन्हा चढवलं की उभी राहते ती दुसरीच होडी. जहाजं बांधणाऱ्या गॅली-ला कंपनीचा सुतार काकू (मराठी माणसाला या नावावर हसू येणारच, येऊ द्या) तपासून येतो आणि सांगतो की ही आता चालणार नाही. कंपनीतलेच लोक त्यात भर घालतात: जगात दोन झाडं एकसारखी नसतात, त्यामुळे त्याच नकाशावर बांधली तरी तीच होडी होत नाही, आणि तो फरक सगळ्यात आधी तुम्हालाच जाणवेल. लाकडाच्या होडीबद्दल इतकं नेमकं बोललेलं मी दुसऱ्या कुठल्या ॲनिमेत ऐकलेलं नाही.

आता पठाण गेला कसा ते बघा, कारण मालिकेने हे सगळं आधीच दाखवलंय आणि आपण ते विनोद म्हणून बघून सोडून दिलंय. लबून देवमाशावर आदळून नाळेवरचा मेंढा मोडला. लगेच लफीने मोठी डोलकाठी उपटून त्याच लबूनच्या जखमेत खुपसली. ड्रम बेटाच्या वाटेवर वापोलने होडी चावून खाल्ली. नॉक-अप स्ट्रीमवर, म्हणजे वर उसळणाऱ्या समुद्राच्या प्रवाहावर, बसून ती उभीच्या उभी आकाशात गेली. आकाशातल्या स्कायपिया बेटावर शुरा नावाच्या शत्रूने डोलकाठी पेटवली. एवढं झाल्यावर दुरुस्ती कोणी केली? उसोपने, पत्रे ठोकून. पत्रा वरच्या फळीवर बसतो, कण्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट पत्र्याखाली खारं पाणी अडकतं, लोखंडी खिळ्याला गंज धरतो आणि खिळ्याभोवतालचं लाकूड भुसभुशीत होतं. पुढच्या वेळी खिळा तिथे धरतच नाही, मग आणखी मोठा पत्रा. मेरीवरचे पत्रे भाग जातील तसे वाढत गेलेले दिसतात.

पण यात उसोपला झोडपायचं कारण नाही. तो नेमबाज आहे, सुतार नाही, आणि हे त्याने पुन्हापुन्हा सांगितलंय. जहाजावर सुतार आणायचं काम कॅप्टनचं. लफीला आधी वाद्य वाजवणारा हवा होता.

आमच्याकडे हे बघण्याची वेळ ठरलेली असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्याआधी होड्या वर ओढून शाकारायच्या, म्हणजे झाकून ठेवायच्या. शाकारण्याआधी हातोडी घेऊन पठाणावर हातहातभर अंतराने ठोकत जायचं. निरोगी लाकूड ‘टण्’ वाजतं आणि हातोडी परत उडते. आतून गेलेलं ‘धप्’ वाजतं आणि हातोडी जागीच बसते. तिथे टोच्या लावून बघायचा. ओल्या पावासारखा आत गेला तर पुढचं बोलायलाच नको. मग पठाणाच्या खालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणायची. मध्ये दोरी आणि लाकूड यांच्यात फट दिसली तर दोन्ही टोकं खाली झुकली आणि पाठ वर आली असं समजायचं. होडी पाण्यात असतानाची खूण वेगळी: एकाच जागची फट पुन्हापुन्हा उघडते. लोक ठासणाऱ्याला शिव्या देतात. ठासणाऱ्याची चूक नसते, खालचा कणा हलत असतो. उसोपने या सगळ्यातलं काहीही केलं नाही, कारण त्याला माहीतच नव्हतं. म्हणजे होडीबद्दल तो चूक. हे मी दादाला पहिल्या दिवसापासून मान्य केलंय.

माझं भांडण पुढच्या प्रसंगावर आहे. भाग २३५ परत लावा आणि क्रम बघा. सोन्याचे आलेले ३० कोटी बेरी (तिथलं चलन), त्यातले २० कोटी फ्रँकी नावाच्या गुंडाच्या माणसांनी उसोपकडून लुटलेले. तो एकटा परत मागायला गेला, मार खाऊन पडला. शुद्धीवर आल्यावर त्याचं पहिलं बोलणं पैशाची माफी मागण्याचं. आणि त्याच बैठकीत, अंगावर पट्ट्या असताना, लफी त्याला सांगतो की होडी बदलायचं ठरलंय. ‘ठरलंय’! साहजिकच उसोपला वाटतं की पैसे मी घालवले म्हणून हे झालं. नाही म्हटल्यावर वाटतं, मग मला न विचारता कसं ठरलं? लफीच्या तोंडून पुढे “मग तूच उतर” निघणार, तेवढ्यात सांजी त्याला लाथ घालून गप्प करतो. सांजीला कळलं. तुम्हाला आणि दादाला कळलं नाही.

कॅप्टनने होडी टाकायचा निर्णय घ्यावा, तो त्याचाच अधिकार आहे. तांडेल म्हणाला जाळी वर, की जाळी वर. तिथे मतदान नसतं. पण जो माणूस त्या होडीचा खिळा न् खिळा ठोकतोय त्याला आधी बाजूला घेऊन सांगायचं असतं. मेरी सिरप गावात कायाने दिलेली. उसोपच्या गावचं त्याच्याजवळ तेवढंच उरलं होतं. शिवाय स्कायपियात रात्री धुक्यात हातोडी मारणारी आकृती त्याने स्वतः बघितलीय. ती आकृती म्हणजे क्लाबाउटरमान, होडीचा आत्मा. ही मुळात उत्तरेकडच्या बाल्टिक समुद्रावरच्या खलाशांची समजूत, पण नारळी पौर्णिमेला नाळेला हळदकुंकू लावून हार घालणाऱ्या माणसाला होडीत जीव असतो हे वेगळं समजावायला नको. दादा दरवर्षी लावतो. फायबरच्या होडीलाही लावतो. मग उसोपला का हसतो?

मारामारीबद्दल तुम्ही ‘रडक्याची फडफड’ लिहिलंय. ती मालिकेतल्या डोक्याने लढलेल्या चांगल्या लढायांपैकी एक आहे. घरच्या सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वास मिसळतात. उसोप उलटं करतो. तो आधी सडकी अंडी फेकतो, म्हणजे ब्रेथ डायलमधून (हवा साठवणाऱ्या शिंपल्यातून) सोडलेल्या गॅसचा वास लफीच्या नाकाला वेगळा कळूच नये, आणि मग ठिणगी टाकतो. शेवटी इम्पॅक्ट डायल, म्हणजे धक्का साठवून परत फेकणारा शिंपला, जो मारणाऱ्याच्या हाताचेही हाल करतो, हे ठाऊक असून. अंगात ताकद नाही, समोर रबराचा राक्षस, आणि हा त्याच्या सवयी ओळखून चार पायऱ्या आधी मांडून आलाय. रात्री दहाची वेळही त्यानेच दिली. तुमच्या लाडक्या झोरोला एवढी तयारी कधी करावी लागली?

झोरोला मात्र या भागात पूर्ण मार्क. लफी जिंकून परत येतो आणि म्हणतो, हे जड आहे. झोरो सांत्वन करत नाही. कॅप्टन म्हणजे हेच, तूच डगमगलास तर आम्ही कोणाकडे बघायचं, एवढंच. हा माणूस उसोपच्या विरोधात नाही, तो शिस्तीच्या बाजूने आहे. पुढे त्याच्या तोंडी आणखी एक बोलणं येतं, तिथे तुम्ही मला शिव्या द्याल की उसोपला, ते बघू. आणि लफीने जिंकल्यावर काय केलं तेही विसरू नका: मेरी उसोपला ठेवली आणि बाकीचे सामान घेऊन खाली उतरले. जिंकलेला होडी सोडून जातो. हे बघून जो हसतो त्याच्याशी मी पुढे बोलत नाही.

तुमच्या यादीत ‘नारुतो’ आवडता आणि सासुके ‘ग्रेट कॅरेक्टर’ असं दिसतं. सासुके गाव सोडून खलनायक ओरोचिमारूकडे गेला, त्याला परत आणायला भाग १०७ ते १३५ पोरं मरता मरता वाचली, तरी त्याचं पोस्टर भिंतीवर. उसोप एका होडीसाठी काही दिवस वेगळा राहिला तर तो गद्दार. फरक एवढाच की सासुके रडताना देखणा दिसतो आणि उसोपच्या नाकातून शेंबूड येतो. ‘डेथ नोट’मधला एलसुद्धा आवडतो म्हणता ना? मग ऐका: जपानी आवाजात एल आणि उसोप हे दोन्ही काप्पेई यामागुचीच आहेत. २३५ एकदा डोळे मिटून ऐका, इंग्रजी डबिंग नको. आवाज फुटतो ती जागा कळेल.

दादाचं सांगायचं राहिलं. घरची लाकडाची होडी एका मे महिन्यात विकून फायबरची आणली, तेव्हा जेवताना ताटावर “ठरलंय” एवढंच सांगितलं होतं. निर्णय बरोबरच होता. फायबर हलकी, तिला समुद्री किडा पोखरत नाही, दरवर्षी कापूस ठासायला नको. दादा, तुझ्या हिशेबाला माझी ना नव्हतीच. तो जेवणाआधी सांगितला असतास तर बरं झालं असतं.

दोन गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या. एक, प्रत्यक्षात पठाणाचा खराब तुकडा कापून तिरका सांधा देऊन नवं लाकूड जोडता येतं, खराबी एकाच जागी असेल आणि होडी पूर्ण कोरड्यावर घेऊन नीट टेकू देता आले तर. मेरीची खराबी सगळीकडे पसरलेली होती, म्हणून काकूचं म्हणणं मला पटतं, पण ‘पठाण गेला की होडी संपली’ हा सरसकट नियम नाही. दुसरं, मी सुतार नाही, हातोडी ठोकायला शिकलोय तेवढंच. आणि हो, वर पुढच्या भागांचा थोडा वास लागला असेल तर माफ करा.

आता तुमचं काम. पुढे बघा. आत्ता चाललेलं वॉटर सेवन शहराचं प्रकरण भाग २६३ला संपतं, २६४पासून एनिएस लॉबी. अक्वा लगुना येईल तेव्हा पावसाळ्यातल्या उधाणाची भरती आठवा, फक्त दहापट. मग एक मुखवटेवाला नेमबाज येईल. तो कोण हे तुम्हाला पहिल्या सेकंदाला कळेल, लफी आणि चॉपरला कळणार नाही. त्याला हसून घ्या, पण तो झेंड्यावर नेम धरतो तिथे मोबाइल खाली ठेवा. २७८ झाल्यावर लगेच पुढचा लावू नका: २७९ ते २८३ या जुन्याच आठवणींच्या उजळण्या आहेत, थेट २८४. मध्येच २९१, २९२ आणि ३०३ला सगळे जुन्या जपानी वेशात दिसले तर घाबरू नका, मूळ कथेशी संबंध नाही, गाळा. ३२६ ते ३३५ बर्फातलं फिलर, वेळ असेल तरच. ३८२ ते ३८४ नक्की गाळा. मागचं जी-८ (१९६ ते २०६) फिलर म्हणून उडवलं असेल तर मात्र परत जाऊन बघा, ते फिलर असूनही फर्मास आहे. संथपणाची तक्रार आत्ता करू नका. ड्रेसरोझा प्रकरणाला पोचलात की कळेल संथ कशाला म्हणतात: मूळ चित्रकथेचे (मांगाचे) १०२ अध्याय आणि ॲनिमेचे ११८ भाग. तिथे शीर्षकगीत आणि मागचा गोषवारा पुढे ढकलल्याशिवाय गत्यंतर नाही.

३१२ जेवणाच्या वेळी बघू नका आणि कोणासोबत बघू नका. तो बघून झाल्यावरही उसोप डोक्यात जात असेल तर मालिका सोडा, मी काही म्हणणार नाही. दादा ३११ संपल्यावर डिझेल भरायला म्हणून उठून गेला. ३१२ त्याने आजतागायत बघितलेला नाही, आणि मत देतोय.